धानाच्या मिलवर शर्यतीची मोटार

शर्यतीच्या मोटारीचं चित्र असलेला एक भलामोठा फ्लेक्स सध्या माझ्या परसातल्या सरपणावर पांघरलेला आहे. मोटार लाल आहे, वळणावर कलंडलेली आहे आणि तिच्या मागे धुराऐवजी तांदळाचे दाणे उडताना दाखवले आहेत. एका कोपऱ्यात माझ्या भावाचा फोटो, हात जोडलेला. दुसऱ्या कोपऱ्यात त्याच्या जावयाचा, काळा चष्मा लावून हाताची घडी घातलेला. फ्लेक्स चांगला जाड आहे, काटक्या कोरड्या राहतात. त्याने आजवर केलेलं हे पहिलं उपयोगी काम.

जावईबापू आता चंद्रपुरात असतात. कुठल्या कुठल्या मंगल कार्यालयांत गळ्यापाशी माईक अडकवून लोकांना धंदा कसा करावा ते शिकवतात, असं माझी भाची फोनवर सांगते. ज्याने सासऱ्याची चालती मिल बुडवली, तो चार गावच्या लोकांना धंदा शिकवतो आणि लोक पैसे भरून ऐकायला जातात. मला याचं नवल वाटत नाही. मी गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स होते. आधी बुवाचा अंगारा लावून मग आमच्याकडे आलेल्या पेशंटांना सलाईन लावण्यात माझी हयात गेली. अंगाऱ्याला आता प्रोजेक्टर लागतो, एवढाच काय तो फरक.

रिटायर झाल्यावर मी नागभीडच्या बाजूला आमच्या गावी येऊन भावाच्या शेजारी घर बांधलं. भावाची धानाची मिल होती. सरकारी धान ट्रकच्या ट्रक भरडणारी मोठी राईस मिल नव्हे. गावातल्या आणि आजूबाजूच्या टोल्यांवरच्या, म्हणजे वाड्या-वस्त्यांवरच्या, लोकांचं घरी खायचं धान भरडून देणारी. आमच्याकडे धान काढलं की घरात ठेवतात आणि लागेल तसं पोतं-दोन पोती मिलवर नेतात. यात एक रीत अशी की ज्याचं धान त्याला त्याचाच तांदूळ मिळाला पाहिजे. त्याचीच कणी, त्याचाच कोंडा. दुसऱ्याचा मूठभरही मिसळता कामा नये. म्हणून माणूस स्वतः पोत्यासोबत येतो, नंबर लागेपर्यंत पोत्याला टेकून बसतो आणि धान मशिनीत पडलं की खाली, तांदूळ पडतो त्या तोंडाशी जाऊन उभा राहतो.

भाऊ या बाबतीत फार कडक. एकाचं धान संपलं की तो मशीन थोडा वेळ रिकामी फिरवायचा. मग लाकडी ठोकळा घेऊन नळीवर ठक ठक ठोके मारायचा, म्हणजे आत अडकलेले दाणेही खाली पडत. ते दाणे पोत्यात गेले की पुढच्याला हाक. ते ठोके आमच्या घरापर्यंत ऐकू येत. वहिनी स्वयंपाकघरात बसून सांगायची, आत्ता एकाचं झालं, आता दुसऱ्याचं पडतंय. मी दवाखान्यात बाळांच्या मनगटाला पट्ट्या बांधायचे, तसा हा प्रकार मला वाटायचा. सगळी बाळं दिसायला सारखीच लाल आणि रडकी असतात, पण म्हणून कोणी कुठलंही उचलून नेत नाही.

मिलसमोर एक लांबलचक सागवानी बाक होता. धान येईपर्यंत लोक त्यावर बसत. तिथे बियाण्यांची चौकशी होई, म्हशींचे सौदे होत, सोयरिकी जुळत. खुद्द या जावईबापूंची सोयरीक तिथेच जुळली. त्यांचे मामा धान घेऊन आले होते, वीज गेली, बसावं लागलं, आणि बसल्या बसल्या त्यांनी भावाला विचारलं की पोरगी कितवी शिकली. वीज गेली नसती तर माझी भाची आज कुठे असती याचा मी कधीकधी विचार करते, आणि वीजमंडळाचा मला राग येतो.

मिलमध्ये आयुष्य काढल्यावर भावाच्या छातीत धूळ बसली. जिना चढला की धाप लागू लागली. नागपूरच्या डॉक्टरने छातीचा फोटो पाहून सांगितलं, मिलच्या धुळीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. मी तिथेच होते. फोटो मीही पाहिला होता, त्यामुळे भावाच्या बाजूने बोलायला मला जागाच नव्हती. भावाला एकच मुलगी. मग मिल कोण बघणार, तर जावई. ते चंद्रपुरात एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये गाड्या विकत होते. नोकरी सोडून भाचीला घेऊन आले, वरच्या खोलीत कूलर बसवला आणि मिलची किल्ली घेतली.

पहिले काही दिवस बरे गेले. मग ते चंद्रपूरला एका कार्यशाळेला जाऊन आले. मोटारींच्या शर्यतीच्या एका सिनेमातून धंद्याचे धडे, असा तिचा विषय. जाताना साधा माणूस गेला होता, येताना डोक्यावर लाल टोपी आणि हातात सर्टिफिकेट. जेवायला बसल्यावर त्यांनी ताटातल्या वाट्या सरकवून आम्हाला शर्यतीचा मार्ग करून दाखवला. ही मोटार, हे वळण, इथे थांबते, पापणी लवायच्या आत चारही चाकं बदलतात, निघाली!

"मामाजी, शर्यत रस्त्यावर नाई जिंकत," ते भावाला म्हणाले. "थांबते तिथी जिंकते. थांबायचा टाइम कमी केला की झालं. आपली मिल किती थांबून राह्यते, कधी पाह्यलं तुम्ही?"

भाऊ म्हणाला, "जेवा जावईबापू, वरण थंडं होऊन राह्यलं."

इथे मला आमच्याकडच्या एका रोगाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या रोगानेच झालं. आमच्याकडे जावयाला कोणी काही म्हणत नाही. जेवायला आधी तो बसणार, चांगली खुर्ची त्याची, आणि तो चुकला तर घरातल्यांनी दुसरीकडे बघायचं. पोरगी त्याच्या घरात नांदायची असते ना! आमच्याकडे तर तो सासऱ्याच्याच घरात राहत होता, सासूच्या हातचं खात होता, तरी रीत तीच. माझा भाऊ भल्याभल्यांना तोंडावर सुनावणारा माणूस, धानात ओल असली तर पाटलालाही परत पाठवणारा. तो जावयासमोर मान खाली घालून वरण वाढा म्हणायचा. मी हे बघून बघून वैतागले होते.

मग एक दिवस संध्याकाळी मिलच्या शेडमध्ये तो सिनेमा सगळ्यांना दाखवला गेला. हमाल, मशीनवाला, त्यांच्या बायका, धान घेऊन आलेले लोक, सगळे खाली ताडपत्रीवर. पांढरा पडदा धानाच्या थप्पीवर टांगलेला. सिनेमा विलायती, पण बोलणं हिंदीतलं. नायक आधी हरतो, मध्ये रुसतो, शेवटी जिंकतो. मधल्या काळात मोटारी गोल गोल फिरतात आणि एवढा आवाज करतात की मिलच्या छपरातली कबुतरं उडून गेली ती दोन दिवस आली नाहीत. मधेमधे जावईबापू चित्र थांबवायचे आणि पडद्यापुढे उभे राहून धडा सांगायचे. त्यांच्या तोंडावर नायकाचं तोंड पडायचं.

माझ्या शेजारी विहारामागे राहणारी एक म्हातारी बसली होती. तिने बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि मला विचारलं, "सिस्टरबाई, हे लोकं कुठी जाऊन राह्यले वो?"

"कुठीच नाई आजी. फिरून तिथीच येऊन राह्यले."

"मंग घाई कायची हाये?"

मी दोन तास तो सिनेमा पाहिला आणि याहून शहाणा प्रश्न मला त्यात सापडला नाही. पण म्हातारीला कार्यशाळेत कोण बोलावणार.

दुसऱ्या आठवड्यात फ्लेक्स लागला. हमालांना लाल टी-शर्ट मिळाले, पाठीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेले. त्यांना ते इतके आवडले की लग्नालासुद्धा तेच घालून जाऊ लागले. जावईबापूंनी गळ्यात शिट्टी अडकवली. पोतं उचलायला शिट्टी, ओतायला शिट्टी, बांधायला शिट्टी. एक हमाल शिट्टीच्या घाईत पोतं घेऊन पडला आणि त्याचा गुडघा सुजला. मी पट्टी बांधायला गेले तेव्हा तो मला म्हणाला, "बाई, शर्यतीत असं होतेच." मी पट्टी जरा आवळूनच बांधली.

बाक काढला. ग्राहक बसला म्हणजे आपण हरलो, असा एक धडा होता. सागवानी बाक मिलच्या मागे उलटा टाकून दिला, त्यावर कोंबड्या बसू लागल्या.

तरी इथवर मी हसत होते. लोकही हसत होते. आमच्याकडचे लोक कोणाच्या हौसेला आडवे जात नाहीत. खरा घात पुढे झाला. जावईबापूंनी हिशोब केला की मिल सगळ्यात जास्त कुठे थांबते, आणि त्यांना उत्तर सापडलं ते भावाच्या ठोकळ्यात. एकाचं धान संपल्यावर मशीन रिकामी फिरवायची, नळी ठोकायची, मग दुसऱ्याचं टाकायचं, ही सगळी वेळेची नासाडी. त्यांनी रीतच बदलली. आता सगळ्यांचं धान एकाच खड्ड्यात पडणार. मशीन थांबणार नाही. तुम्ही पोतं द्या, वजन करा, त्या मानाने आधीच भरून ठेवलेला तयार तांदूळ उचला आणि निघा. पापणी लवायच्या आत.

"आत्याजी, बँकेत तुम्ही नोट टाकता," त्यांनी मला समजावलं. मी विचारायला गेलेच होते. "काढता तवा तीच नोट भेटते का? नाई ना? तांदूळ म्हणजे तांदूळ."

"नोट कोणी शिजवून खात नाही," मी म्हटलं.

"तुम्ही जुन्या विचाराच्या हाये."

"मी प्रसूती वॉर्डात होते, जावईबापू. तिथे तुमची रीत लावली असती तर काय झालं असतं? या बाई, तुमचं बाळ टोपलीत टाका, तेवढ्याच वजनाचं दुसरं घ्या आणि निघा. गर्दी तर पटकन हटली असती."

ते हसले. शोरूममध्ये गाडी न घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून हसतात तसे. आणि भाऊ व्हरांड्यातून मला म्हणाला, "बाई, तू गप राह्य."

लोकांना आधी कळलंच नाही. लवकर काम होतंय म्हणून खूश होऊन गेले. मग घरोघरी भात शिजला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई ताटलीत भात घेऊन मिलच्या दारात उभी राहिली. कालच्या भाताची ताटली, वर फडकं झाकलेलं.

"हा भात आमचा नाई," ती म्हणाली.

जावईबापूंनी वजन दाखवलं. वजन बरोबर होतं. उलट थोडं जास्तच दिलं होतं.

"वजनाचं नाई म्हणत मी. आमचा भात असा राह्यत नाई. आमचं शेत तळ्याखालचं हाये. हा कोणाचा हाये?"

कोणाचा ते कोण सांगणार? तो सगळ्यांचा होता. त्यात तळ्याखालचं होतं, माळावरचं होतं, खताच्या गोण्या ओतून काढलेलं होतं आणि नुसत्या शेणखतावरचं होतं. कोणाचं कीड लागलेलं होतं, कोणाचं निवडून पाखडून आणलेलं होतं. जावईबापूंनी त्या बाईला शर्यतीच्या टीमबद्दल काहीतरी सांगितलं, की तिथे माझं-तुझं नसतं, टीमचं असतं. बाईने ऐकून घेतलं, भात फ्लेक्सखालच्या कोंबड्यांना टाकला आणि ताटली घेऊन गेली.

आणि मग एक धुऱ्याची भानगड बाहेर आली. गावात दोन घरं होती. दोघांची शेतं लागून आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नागभीडच्या कोर्टात केस चालू. एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हते, मयतीला जात नव्हते. दोघांचं धान एकाच दिवशी मिलवर पडलं होतं. कोणीतरी टवाळखोराने पारावर बसून हिशोब मांडला आणि संध्याकाळी दोघंही मिलच्या दारात हजर.

"ज्याच्याशी मी कोर्टात भांडून राह्यलो," एकजण ओरडला, "त्याच्या धुऱ्यावरचं धान माह्या लेकराच्या पोटात घातलं तुम्ही?"

दुसराही तेच ओरडत होता. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं. मला हसू आलं, मग माझी नजर भावाकडे गेली. भाऊ व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या मिलच्या दारात कोणी आवाज चढवला नव्हता. तो उठला, धाप लागली, परत बसला. जावईबापूंनी दोघांना टोप्या दिल्या. लाल.

त्यानंतर लोक आले नाहीत. आमच्याकडची माणसं भांडून जात नाहीत, नुसती येणं बंद करतात. रेल्वे फाटकापलीकडच्या गावात एक जुनी मिल होती. तिचा मालक अत्यंत तुसडा माणूस, गिऱ्हाइकाला या म्हणत नाही, बसा म्हणत नाही. त्याच्या मशिनीत कणी जास्त पडते हे सगळ्यांना माहीत. तरी बैलबंड्या, सायकली, मालवाहू ऑटो त्या बाजूला वळू लागले. आमच्या घरासमोरूनच वळायचे, कारण फाटकाचा रस्ता तोच. भावाला दिसलं की लोक मान दुसरीकडे फिरवत. चोरी करून चालल्यासारखे जात बिचारे. भावाच्या तोंडासमोरून त्याचंच गिऱ्हाईक मान खाली घालून जाताना बघणं, हे मला आजही आठवलं की जीव जळतो.

जावईबापूंचा आत्मविश्वास मात्र ढळला नाही. त्यांच्याकडे सिनेमा होता ना. सिनेमाचं एक बरं असतं, त्यात प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. गिऱ्हाईक कमी झालं? नायकही मध्ये मागे पडतो. मशीन दुपारीच बंद करावी लागते? नायकाचीही गाडी बंद पडते. लोक हसतात? नायकाला सगळेच हसतात. मी विचारलं, नायकाच्या सासऱ्याचं काय होतं? तर सिनेमात सासरा नव्हता.

एकदा मी ठरवलं की आज सरळ बोलायचंच. पण माझ्याआधी भाचीच माझ्याकडे आली. पोरगी वाळली होती. पायरीवर बसली आणि म्हणाली, "आत्या, तू बाबाले सांग ना, त्यांनी काही म्हणू नये. हे वर येऊन माह्यावरच चिडतात. तुह्या घरचे लोक मले पुढं जाऊ देत नाई म्हणतात."

"तुझ्या बाबाने काय म्हटलं आजवर? एक शब्द तरी?"

"नाई म्हटला. पण बाबा पाह्यते ना त्यांच्याकडं. तेवढंच पुरते."

हेच दुखणं होतं. भावाला त्याची मिल वाचवायची तर पोरीचा संसार पणाला लागत होता आणि पोरीसाठी गप्प राहायचं तर मिल डोळ्यांदेखत जात होती. मी नर्स असून मला याच्यावर काही सुचलं नाही. त्या रात्री मी जावईबापूंना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या दवाखान्यात शिकले होते.

मग वैशाख आला. भावाच्या शेताला लागून तलावाच्या पोटात एक छोटी बांधी आहे, बांध घातलेला धानाचा तुकडा, त्यात दरवर्षी चिन्नोर लावतात. चिन्नोर म्हणजे बारीक, सुवासिक तांदूळ, शिजला की गल्लीत वास येतो. तो विकायचा नाही, रोज खायचा नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होते आणि तिला तांदूळ भावाच्या घरचा, हे आमच्या बापापासून चालत आलेलं. त्या खिरीसाठी लोक भांडी घेऊन उभे राहतात. आमच्या बापाला लोक विसरले, पण खिरीचा वास कोणी विसरलं नाही.

वहिनी चिन्नोरचं धान पाखडून, पोती बांधून, जावयाकडे गेली. जन्मात प्रथमच तिने जावयाकडे काही मागितलं असेल. "एवढं एक वेगळं चालवून द्या, बापू. खिरीचं हाये."

मी तिथेच होते, भाऊ व्हरांड्यात.

जावईबापूंनी टोपी काढून डोकं पुसलं. ते वाईट बोलले नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. फार गोड बोलले. "आई, घरच्यानंच नियम मोडला तर बाहेरच्यानं काऊन पाळावा? तुमचं धान खड्ड्यात टाका. मी तुमाले डबल पॉलिशचा देतो. एकदम पांढरा. खिरीत असा चमकन का लोकं पाहतच राहतीन."

वहिनीने भावाकडे पाहिलं. भावाने रस्त्याकडे पाहिलं. वहिनी पोती तशीच ठेवून आत गेली आणि चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसू लागली. मला वाटलं, झालं, बापाची खीरही गेली. भावाचा मला त्या दिवशी जावयापेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते, तर भाऊ माझ्या अंगणात उभा. तोंडाला रुमाल, पायात चप्पल, धुतलेला सदरा. शेजारच्याचा मालवाहू ऑटो दारात लागलेला आणि त्यात चिन्नोरची पोती.

"चल," तो मला म्हणाला. "मले धाप लागली त पाह्यले कोणी पाह्यजे."

"कुठे?"

"मिलवर."

मी पुढे त्याच्या शेजारी बसले. ऑटो गल्लीतून निघाला आणि आमच्याच मिलसमोरून जायला लागला. तिथे भावाने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑटो थांबवायला लावला. फ्लेक्सखाली. लाल टी-शर्टवाले हमाल रिकामे बसले होते, ते उभे राहिले. जावईबापू आतून आले, गळ्यात शिट्टी.

"मामाजी, हे कुठी नेऊन राह्यले?"

"फाटकापलीकडं. मिलवर."

"मिल त इथी हाये!"

भावाने रुमाल थोडा खाली केला. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही, अगदी जेवा म्हणताना काढायचा तसा आवाज.

"खीर करायची हाये, जावईबापू. आपलाच तांदूळ लागते."

एवढंच. सासऱ्याने जावईबापूंचा अपमान केला म्हणावं तर केला नव्हता, वाईट एक शब्द बोलला नव्हता. त्यांनी हात शिट्टीकडे नेला आणि तसाच ठेवला. मी म्हातारी बाई, पण त्या वेळी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ऑटो सुटला. सगळं गाव दारात उभं राहून बघत होतं की मिलवाला आपलं धान दुसऱ्याच्या मिलवर घेऊन चालला आहे. माझा आनंद फाटकापर्यंत टिकला. तिथे गाडी जायची म्हणून थांबलो, मी भावाकडे पाहिलं, तर त्याचे डोळे भरलेले होते.

फाटकापलीकडच्या त्या मिलवर बाकावर आमच्याच गावचे लोक बसलेले होते. तळ्याखालच्या शेतवाली बाई होती. धुऱ्याच्या केसवाले दोघे बाकाच्या दोन टोकांना होते. भावाला पाहून सगळे गडबडून उठले. कोणी म्हणे तुम्ही बसा, कोणी म्हणे आमचा नंबर तुम्ही घ्या. भावाने कोणाचा नंबर घेतला नाही. पोती उतरवून घेतली, रांगेत शेवटी लावली आणि त्यांना टेकून खाली बसला, जसे त्याच्याकडे लोक आयुष्यभर बसले होते.

नंबर आला तेव्हा तुसड्या मालकाने या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही. आधीच्याचं धान संपल्यावर त्याने मशीन रिकामी फिरवली. मग कोपऱ्यातून एक लाकडी ठोकळा घेतला आणि नळीवर ठक ठक ठोके मारले. भाऊ खाली तोंडाशी उभा होता. ठोके ऐकताना त्याने डोळे मिटून घेतले. शेवटचे दाणे पडून गेल्यावर चिन्नोर पडायला लागला आणि सगळ्या शेडमध्ये वास पसरला. भावाने मूठभर उचलून नाकाशी धरला.

त्या वासानेच की काय, बाकावरच्या एकाला बोलायचं धाडस झालं. दूरच्या टोल्यावरचा माणूस होता, भावाला मिलवाला म्हणून ओळखायचा, पण आमच्या गावात काय झालं ते त्याला माहीत नव्हतं.

"काऊन भाऊ," त्याने विचारलं, "तुमची मिल बंद पडली का?"

भावाने मुठीतले दाणे पोत्यात सोडले, हात झटकले.

"नाई गा," तो म्हणाला. "चालू हाये. एकदम फास्ट चालू हाये."

आणि त्याने रुमाल परत तोंडावर ओढून घेतला, कारण धूळ तिथेही तेवढीच होती.